शेजारून आलेली गाठ

५ फेब्रुवारी

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामाने या वयात नवंच काढलंय. लघवी अडते म्हणून दवाखान्यात गेलो, तर प्रोस्टेटवर गाठ निघाली. रक्ताची तपासणी चांगली आली, त्यामुळे नेहमीचा कॅन्सर नाही म्हणतात. सुईने तुकडा काढला, त्यावरून हा सार्कोमा, म्हणजे मऊ मांसाचा दुर्मीळ कॅन्सर असावा. जन्मभर पुस्तकं बांधली, दुर्मीळ काही हाती लागलं नाही, ते इथे लागलं. पंचवीस तारखेला ऑपरेशन आहे. मूत्राशयही काढतील आणि पोटाला लघवीसाठी कायमची पिशवी लावतील. खरं सांगतो, त्या पिशवीची धास्ती घेतली आहे. तू दिवसभर गाठीच तपासतेस, म्हणून लिहिलं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

९ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच कामाला लागले. तुमच्या सर्जनशी बोलले. त्यांनाही दुसरं मत हवंच होतं, तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचा ते माझ्याकडे तपासायला पाठवत आहेत. शरीराच्या त्या भागातल्या बऱ्याच गाठींमध्ये अशाच लांबट पेशी दिसतात, खास रंग लावल्याशिवाय त्यांची ओळख पटत नाही. आता लाजू नका. शौचाला त्रास होतो का? रक्त पडतं का?

रागावू नका, एवढीच विनंती.

तुमची खारू

१३ फेब्रुवारी

चि. खारूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ह्यांनी चष्मा पुसला, आणि पोरीला असलं काय सांगायचं म्हणत ते माझ्या हातात दिलं. तुझी दुपटी बदलताना बरी लाज वाटली नव्हती! सहा महिन्यांपासून त्रास आहे, रक्तही पडतं. मूळव्याध असेल म्हणून डॉक्टरांनाही बोलले नाहीत, मला काल कळलं. रागावू की रडू, दोन्ही करून झालं. ऑपरेशन टळेल का गं?

तुझीच, मामी

२० फेब्रुवारी

ती. मामा-मामींस सा. न. वि. वि.

मामी, तुमचं पत्र मिळताच सर्जनना कळवलं. त्यांनी स्कॅन पुन्हा पाहिला. गाठ प्रोस्टेटच्या मागे असलेल्या गुदाशयाच्या भिंतीतून उगवली आहे. इकडे रंगांनीही तेच दाखवलं. ही प्रोस्टेटची गाठ नव्हेच, शेजारून वाढत येऊन त्याला रेटत होती. पचनमार्गाच्या भिंतीत होणाऱ्या या गाठीला जिस्ट म्हणतात. आहे कॅन्सरच, खोटं सांगणार नाही. पण हिच्यावर रोज घ्यायच्या गोळ्या आहेत आणि पुष्कळांची गाठ त्यांनी आक्रसते. पंचवीसचं ऑपरेशन सर्जननी रद्द केलं. मामा, भांडण भेटल्यावर करू, आधी गोळी घ्या.

दोघांनी एकमेकांना सांभाळा.

तुमची खारू

१८ ऑगस्ट

चि. खारूताईस आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितोय: रक्त थांबलं, पोट रोज साफ होतं. गोळ्यांनी डोळे सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात, ते चालायचंच. गाठ निम्म्याहून लहान झाली. ती काढावी लागेल, पण मूत्राशय जागच्या जागी राहील, पिशवी नको, असं सर्जन म्हणाले. तुझ्या मामीने त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं.

वाचनालयाने वर्षभराचं पुस्तकबांधणीचं काम देऊ केलं. फेब्रुवारीत विचारलं असतं तर नको म्हणून हात जोडले असते. काल हो म्हणून आलो.

तुझाच, मामा