साखळीत बसलं तेवढंच

मांडवी, रत्नागिरी
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय वेदिका,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण जिने चढते. तुझं काजूचं युनिट नीट चाललं असेल.

मे महिन्यात कॉलेजच्या कामासाठी राजापूरला आले होते. तुझ्याकडे आले नाही. स्टँडवर तुझे बाबा भेटले. त्यांनी मला चहा पाजला. म्हणाले, "आमच्या वेदिकाला काय ता जमला नाय गो. तुजा डोकाच येगळा." मी चहा प्यायले आणि गाडीत बसले.

पीएचडीला आपण दोघी एकच पॉलिमर करत होतो, तापवल्यावर द्रवस्फटिक होणारं. त्याच्या साखळीत शंभर कड्यांमागे दहा आयनी गट बसवायचे, आणि तरी ते द्रवस्फटिक राहतं का ते बघायचं. माझ्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली द्रवस्फटिकाचे रंग दिसायचे, तुझ्यात नुसता काळोख. आपले गाइड सर सगळ्यांसमोर म्हणाले, "दमयंतीला दिसतं, तुलाच का नाही?"

तू म्हणालीस, "सर, एवढे गट बसले की रचनाच मोडत असेल."

ते हसले. दिवाळीनंतर तू लॅबमध्ये परत आलीच नाहीस.

सर हसले तेव्हा मी तिथेच बेसिनपाशी भांडी धूत होते.

वेदिका, माझ्या साखळीत गट बसलेच नव्हते. शंभरात जेमतेम एक. प्रत्येक गटासोबत सोडियम येतं, ते मोजलं की कळतं, आणि तो अहवाल सर तुला तसं बोलले त्याच्या चार दिवस आधी माझ्या हातात आला होता. प्रबंधात मी भांड्यात घातलेलं प्रमाण लिहिलं, साखळीत बसलेलं नाही.

राजापूरहून आल्यावर सुट्टीभर तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी दहाही गट बसले, मोजून घेतलं. नमुना तापवला, सावकाश थंड केला. पूर्ण काळोख. तुझं बरोबर होतं. काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. काच पुसून डब्यात ठेवली.

सरांना फोन केला. "सहा वर्षं झाली, आता कशाला उकरतेस?" म्हणाले. विद्यापीठाला आणि आमचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला लेखी कळवलंय. पदवी जाईल, मग नोकरीही. आईला अजून सांगितलं नाही.

माफीच्या चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. सोबत सोडियमच्या त्या जुन्या अहवालाची प्रत आहे. पत्र बाबांना वाचून दाखव. पुढे कुणापुढे ठेवावं लागलं तर चालावं, म्हणून सही पूर्ण नावाने करते.

दमयंती अनिल नागवेकर