आठ दांड्या आणि बाकीची मालमत्ता

मी, ऑरिन वेल्डन स्टॉकब्रिज, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा लेथकाम (मी निवृत्त, लेथ नाही), राहणार फार्मिंग्टन, न्यू मेक्सिको, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाविना हे लिहून ठेवतो. ‘धाकाविना’ हा शब्द वकीलबाईंचा. धाक आहे, आणि तो कोणाचा ते कलम पाचमध्ये येईल. येत्या सोळा तारखेला आल्बुकर्कीचे डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. ते म्हणतात, काळजीचं कारण नाही. पन्नास वर्षं मीही गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, म्हणून हा कागद.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझी बायको जोलीन हिच्या नावे होतं, आणि ती माझ्याआधी गेली. माझी वाट बघत थांबायचा तिचा स्वभाव कधीच नव्हता.

कलम १. घर, त्यातलं सामान आणि पिकअप माझी मुलगी मार्ला हिला. मागच्या दाराला लाथ मारल्याशिवाय ते उघडत नाही. दुरुस्त करू नये, चोरांना ती युक्ती माहीत नाही.

कलम २. अंत्यविधीला पाद्रीबाबांनी पाच मिनिटांच्या वर बोलू नये. त्यांना मी ओळखतो, त्यांना थांबवायला कोणीतरी उभं राहावं.

कलम ३. दांड्यांबद्दल. आमचा क्लब रिमोटवर चालणाऱ्या हातभर लांब गाड्या खडकांवर चढवतो. इथे वेगाला किंमत नाही. गोगलगाईच्या चालीने का होईना, न उलटता वर पोचली ती गाडी जिंकली. पुढच्या चाकांच्या आसाला चार दांड्या धरून ठेवतात, दोन खालून, दोन वरून. मागच्या आसाला तशाच चार. चाकं सरळ राहतील की तिरकी, गाडी खडकात नाक खुपसेल की मान वर काढेल, हे त्या आठ दांड्या ठरवतात. बायको निवडताना लोक करत नाहीत एवढा विचार आम्ही दांड्या निवडताना करतो. माझ्या बाबतीत निवड जोलीनने केली, म्हणून निभलं.

प्लास्टिकच्या दांड्यांचा डबा जोलीनचा भाऊ वेंडेल याला. दाब आला की वाकतात, दाब गेला की सरळ होतात, आणि जड कामाच्या वेळी सापडत नाहीत. त्याला घरच्यासारखं वाटेल.

टायटॅनियमच्या आठ मार्लाला परत. तिनेच त्या मला नाताळात दिल्या होत्या. खडकावरून लोण्यासारख्या सरकतात म्हणे. दर वर्षी ती फोनवर विचारायची, “बाबा, बसवल्यास का?” आणि मी हो म्हणायचो. मार्ला, नाही बसवल्या. ओरखडे पडतील म्हणून मन होईना. आता तू बसव आणि पडू देत ओरखडे.

कलम ४. हे कलम देण्याघेण्याचं नाही. ते इथे का आहे, हे पुढच्या कलमात कळेल.

बर्ल हॅडॉक माझा शेजारी. गॅसच्या विहिरींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आम्ही तीस वर्षं शेजारशेजारच्या लेथवर उभे होतो. दोघांचे गुडघे खडक चढेनात तेव्हा आम्ही गाड्या चढवायला लागलो. बर्लचं म्हणणं, दांडी स्टीलची हवी, वजन खाली राहतं. माझं म्हणणं, अॅल्युमिनियमची हवी, हलकी गाडी वर जाते. यावर आम्ही इतके भांडलो की जोलीन म्हणायची, “दोन म्हातारे आणि आठ काड्या! लग्न तरी करा एकमेकांशी.”

क्लबची वार्षिक स्पर्धा बर्ल सलग तीन वर्षं जिंकला. चौथ्या वर्षी, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, त्याचे हात थरथरायला लागले होते. लेथवर त्याला आटे पाडता येईनात. तो माझ्याकडे आला, म्हणाला, “मागच्या आसाच्या खालच्या दोन दांड्या करून दे. स्टीलच्या. आणि तोंड वाकडं करू नकोस.”

मी दिल्या. उजवी दोन मिलिमीटर लांब केली. मुद्दाम.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्याने त्या बसवल्या. मी दिलेलं मोजून बघायची त्याला तीस वर्षांत सवयच नव्हती. एक दांडी लांब म्हणजे मागची चाकं तिरकी, आणि गाडी सारखी एका अंगाला ओढते. मोकळ्या जागेत ते रिमोटने सावरता येतं. शेवटचा टप्पा वीतभर रुंद कपारीचा होता. गाडी काठाकडे सरकली, बर्लने वळवली, ती पुन्हा सरकली आणि तीस फूट खाली कोरड्या ओढ्यात गेली. तुकडे गोळा करायला मीच खाली उतरलो. किती हा प्रेमळ मित्र! त्या दोन दांड्या मी खिशात घातल्या. त्या दिवशी मी जिंकलो.

बर्ल हातांकडे बघत म्हणाला, “गेले रे. हात गेले माझे.”

मी म्हणालो, “वय झालं, बर्ल.”

त्या आठवड्यात त्याने सगळं सामान विकलं. सहा वर्षं तो खडकांकडे फिरकला नाही.

या फेब्रुवारीत डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी दांड्या आणि व्हर्नियर घेऊन त्याच्या ओट्यावर गेलो आणि म्हणालो, “मोज.”

“काय?”

“डावी आणि उजवी.”

व्हर्नियर हातात थरथरत होता, पण नजर शाबूत होती. त्याने एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं.

“दोन मिलिमीटर. लेथ चुकला तुझा?”

“लेथ नाही, मी. ठरवून.”

त्याने व्हर्नियर मिटून ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, “मी पिकअप चालवायची सोडली, ऑरिन. म्हटलं, ज्याला हातभर खेळणं सांभाळता येत नाही त्याने रस्त्यावर माणसं कशाला मारावीत. सहा वर्षं बायको मला दुकानात नेते. शाळेतल्या पोराला न्यावं तसं.”

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तो पेट्रोल वाचवतोय.

“बर्ल, मला माफ...”

“चालता हो.”

नऊ दिवसांनी तो आपल्या पायांनी माझ्या शेडमध्ये आला. “स्टीलचा गज आहे?”

“आहे.”

“कर सुरू. आठच्या आठ. प्रत्येक आधी माझ्या हातात.”

त्याने तीन नापास केल्या. त्यातल्या दोन चांगल्या होत्या. मी तोंड उघडलं नाही. माझ्याच गाडीच्या अॅल्युमिनियमच्या दांड्या काढून या नव्या स्टीलच्या बसवल्या आणि आम्ही त्याच कपारीवर गेलो. बर्लचे हात थरथरत होते, रिमोट हलत होता, आणि गाडीला त्याचं काही नव्हतं. ती एकेक चाक टाकत, खडकाला पोट घासत कपार पार करून गेली.

“बघ,” बर्ल म्हणाला. “स्टील.” माफीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, अजूनही बोललेला नाही. पण मार्चमध्ये परीक्षा देऊन त्याने लायसन्स परत काढलं. आज वकीलबाईंकडे मला त्यानेच आणलं. वाटेत त्याने दोन ट्रकवाल्यांना शिव्या घातल्या. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

मी पूर्ण शुद्धीत हेही नमूद करतो की दांड्या स्टीलच्याच घ्याव्यात.

कलम ५. लेथ मी बर्लच्या नावे लिहिणार होतो. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार न झालेलं बरं. बर्ल म्हणाला, “मग लेथ नको. हा इसम शुद्धीत असताना काय काय करतो, ते माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?” म्हणून लेथही मार्लाला. आणि साक्षीदार व्हायला बर्लची अट अशी: कलम चार माझ्या मागे शनिवारच्या न्याहारीला अख्ख्या क्लबपुढे मोठ्याने वाचलं जावं, एक शब्दही न गाळता.

मी विचारलं, “आणि मी वाचलो तर?”

तो म्हणाला, “तर तू स्वतः वाचायचंस. उभं राहून.”

मी कबूल केलं आहे. त्यामुळे सोळा तारखेला डॉक्टरांनी जिवापाड प्रयत्न करावेत की नाही, याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत त्यांनी करत राहावं.

वरील सर्व वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ऑरिन वेल्डन स्टॉकब्रिज

साक्षीदार:
१. बर्ल हॅडॉक, शेजारी. ऑरिनने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीत आहे, तेव्हाही होता.
२. अर्लिंडा त्सोसी. शनिवारची न्याहारी माझ्याच हॉटेलात असते. वीस तारखेला खुर्च्या जास्त मांडते.

ठिकाण: फार्मिंग्टन, न्यू मेक्सिको
दिनांक: ९ एप्रिल २०२४