ब्रेक कोणाच्या पायाखाली

सोमवार, ३ मार्च
माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या दातांच्या डॉक्टरने आज भर रस्त्यात विचारलं, "मॅडम, सारखं कंट्रोल, कंट्रोल म्हणता. म्हणजे नक्की करायचं काय?" इतकी वर्षं ड्रायव्हिंग शिकवतेय, उत्तर सुचेना! ताबा म्हणावं, तर स्टिअरिंग त्याच्याच ताब्यात असतं, तरी गाडी बेडकासारखी उड्या मारते. धाक? गाडीला कसला धाक! डोक्यात भुंगा सोडून गेला.

मंगळवार, ४ मार्च
ठमी नापास!! शिकवणारीचीच लेक! मोकळ्या चौकात थांबायच्या रेषेवर हिने ब्रेक लावलाच नाही. शेजारी माझ्या जागी बसलेल्या परीक्षकांनी शिकवणाऱ्यासाठी असलेला माझ्या बाजूचा जादा ब्रेक दाबला. परगावची नर्सची नोकरी लायसन्सवर अडलीय – फिरत्या दवाखान्याची गाडी स्वतः चालवायची आहे. शनिवारी शेवटची संधी. बाईसाहेब मात्र ढिम्म. जेवल्या, झोपल्या.

बुधवार, ५ मार्च
उलगडा झाला! शिकवताना तिच्याआधी माझाच पाय ब्रेकवर पडतो. परक्यांना वेळ देते, हिला देत नाही. ती बिचारी ब्रेक लावायला शिकणार कशी? याला मी काळजी म्हणत होते. काळजी कसली, हा ताबाच. गाडीवरचा नाही, तिच्यावरचा.

डॉक्टरला सांगितलं, कंट्रोल म्हणजे हवं तेव्हा थांबवता येणं. सारखं थांबवत बसणं नव्हे.

"म्हणजे ड्रिल हातात असूनही गप्प बसता येणं," तो म्हणाला. हुशार आहे. गाडी मात्र पुन्हा बंद पाडली.

गुरुवार, ६ मार्च
मेकॅनिककडून माझ्या बाजूचं पेडल काढून घेतलं. "ताई, बरं आहे ना सगळं?" म्हणाला. परीक्षेआधी परत बसवायचंय.

मग ठमीला घेऊन तासभर गावभर. मी हात मांडीखाली दाबून, जीव मुठीत धरून! एकदाही चुकली नाही. प्रत्येक रेषेवर अलगद थांबली. मग मंगळवारी काय झालं होतं हिला?

शुक्रवार, ७ मार्च
चहा पिताना ठमीची माफी मागितली. म्हटलं, माझ्या सवयीने तुझं नुकसान झालं.

तिने कप खाली ठेवला. "ब्रेक मला येत होता गं आई. मुद्दाम नाही लावला. तुला एकटीला टाकून जायचं नव्हतं."

मला रडू आवरेना. डोळे पुसून विचारलं, "आणि उद्या?"

"उद्या लावणार आहे."