खंडेनवमीची वेष्टी

आप्पा,

काल खंडेनवमी झाली. इथले लोक तिला आयुधपूजा म्हणतात, पण तुम्ही शेवटपर्यंत खंडेनवमीच म्हणत राहिलात. मला मराठी लिहायला आता वेळ लागतो. दिवसभर तमिळ बोलते, फोनवर इंग्रजी, आणि मराठी उरली ती फक्त आईशी बोलायला. तरी हे तमिळमध्ये लिहावंसं वाटलं नाही, कारण मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि आपल्या घरात भांडणं मराठीतच झाली.

मी काय काम करते ते तुम्हाला माहीत असणार नाही. एन्नोरच्या रस्त्यावर एक प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे मी टँकरच्या ड्रायव्हरना शिकवते. ॲसिड, गॅस, पेट्रोल असला धोक्याचा माल नेणाऱ्या प्रत्येकाला हे शिक्षण सक्तीचं आहे, आणि एकदा घेऊन भागत नाही, दरवर्षी उजळणीला यावं लागतं. प्रमाणपत्र नसेल तर टँकरवर बसता येत नाही. सक्ती तुमच्या वेळीही होती. पैसे कोणी भरायचे म्हटलं की तेव्हा मालक ड्रायव्हरकडे बोट दाखवायचे, आजही दाखवतात. माझ्या वर्गात माणसं रात्रभर गाडी हाणून तशीच येऊन बसतात. त्या दिवशी फेरी नाही म्हणून भत्ता नाही, आणि वर्गाची फीही स्वतःच्या खिशातून. कोणी डुलक्या घ्यायला लागला तर मी त्याला उठवत नाही. झोपेचे पैसेही त्यानेच भरलेले असतात.

फक्त ॲसिडचा भाग आला की मी सगळ्यांना उठवते. व्हॉल्व्ह गळायला लागला तर वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं, लोकांना लांब करायचं, फोन करायचा, आणि गळलेल्या ॲसिडवर पाणी ओतायचं नाही. हे शेवटचं मी तीनतीनदा म्हणवून घेते, कारण ड्रायव्हरचा हात आधी पाण्याकडेच जातो. इंजिन तापलं, पाणी. धूर आला, पाणी. काचेवर चिखल, पाणी. तुमचाही हात तिकडेच गेला. पोरंबाळं ये-जा करतात त्या रस्त्यावर ॲसिड पसरू नये म्हणून तुम्ही चहाच्या टपरीवरून बादली उचलून आणलीत आणि ओतलीत, आणि ते सगळं उकळून तुमच्याच अंगावर आलं. एका वाक्याचं काम होतं, आप्पा. तेवढं वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण ते विकत घ्यावं लागत होतं.

मला आपलं स्वयंपाकघर अजून दिसतं. आई भाकरी थापते आहे, तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात, मी अभ्यासाचं सोंग करते आहे. आई विचारते, "अवो, त्या वर्गाचं काय झालं? जायाचं न्हाई का?"

"जायाचं की. पर गाडी त्येंची, माल त्येंचा, आन् शिकायचा खर्च माझ्या खिशातनं का म्हून?"

"मग इचारा की मालकाला."

"इचारतो. खंडेनवमीला समदी असत्यात, तवाच इचारतो."

खंडेनवमीला तुम्ही टँकर धुतलात, पुढे केळीचे खुंट बांधलेत, चाकांखाली लिंबं ठेवलीत. मालकांनी कोहळा फोडला, चुरमुरे वाटले, आणि मग नेहमीप्रमाणे एकेकाच्या हातात ताट दिलं. ताटात नवी वेष्टी, म्हणजे इथलं जरीकाठी धोतर, शर्टाचं कापड, विड्याची पानं. त्या दिवशी हत्यारं पुजून बाजूला ठेवायची असतात, आणि ज्याच्या हातून ताट घेतलं त्याच्याकडे त्याच दिवशी काही मागायचं नसतं. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण टँकरच्या यार्डात सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही घरी आलात. आईने विचारलं, "इचारलंसा?" तुम्ही वेष्टीची घडी उलगडून जरीचा काठ दाखवलात आणि म्हणालात, "मालक लई मोठ्या मनाचा हाय."

मला त्या वाक्याची चीड येते. तुम्ही गेल्यावर मालक आले, हार घालून हात जोडून उभे राहिले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की आम्ही त्याला वर्गाला जा म्हणून सांगितलं होतं, तोच गेला नाही. आई खाली मान घालून ऐकत राहिली. तुमच्या अंत्यविधीचा खर्च मात्र त्यांनी जागच्या जागी केला, तो कोणी करायचा हा प्रश्न कोणाला पडला नाही. तुम्हाला ती वेष्टी नेसवली होती. जरीचा काठ कोराच होता, कारण तुम्ही ती पुढच्या सणासाठी जपून ठेवली होती. माझा राग मालकांवर असायला हवा आणि आहेही, पण रात्रंदिवस जो पोखरतो तो तुमच्यावरचा आहे. हायवेवर दहा गाड्यांना मागे टाकणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारता येऊ नये?

माझ्या वर्गात दरवर्षी एक ड्रायव्हर येतो, तुमच्याएवढाच असेल. गेल्या महिन्यात रस्त्यात भेटला तेव्हा थांबून म्हणाला, या वर्षी मी येणार नाही मॅडम. वर्गात न बसता कमी पैशांत नुसता कागद देणारे भेटतात, तो घेईन. मी त्याला तुमची गोष्ट सांगितली. तो शांतपणे ऐकून म्हणाला, मग तुम्हीच आमच्या मालकाला विचारा. आयुधपूजेला तुम्हाला बोलावणं येईल, मालक शिकलेल्या माणसाचं ऐकतात. मी हो म्हटलं. मला तर ही संधीच वाटली. काल वेलचेरीच्या घरून निघाल्यापासून वाक्यं जुळवत होते, तमिळमध्ये, मानाने पण ठाम.

मालक दुसरे, पण कोहळा तसाच, लिंबं तशीच. टँकर धुऊन ओळीत उभे, काचांवर चंदन आणि कुंकू. मला पुढे खुर्ची दिली. सगळ्यांची ताटं झाल्यावर मालकांच्या बायकोने माझ्यापुढेही ताट धरलं. तुम्ही आमच्या माणसांच्या टीचर, असं म्हणून मालकांनी हात जोडले. ताटात साडी होती. मी दोन्ही हातांनी घेतलं. सगळे बघत होते, मालक हसत होते, आणि जुळवलेलं पहिलं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी "रोंब नंद्री सार", खूप आभार, एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

फाटकाशी तो ड्रायव्हर उभा होता. "केट्टींगळा, मॅडम?" विचारलंत का, एवढंच. मी म्हटलं, आज सण आहे, पुढच्या आठवड्यात फोन करते. तो "परवायिल्लै", असू द्या, म्हणाला, अगदी मऊ आवाजात, आणि चुरमुऱ्यांची एक पुडी माझ्या पर्समध्ये ठेवली. आम्ही तर त्याला वर्गाला जा म्हणून सांगतोच, असं फोनवर मालक म्हणतील, ते मला आत्ताच ऐकू येतं आहे. आणि ड्रायव्हर तो नुसता कागद घेणार, हेही मला माहीत आहे.

तुम्हाला जाब विचारायला मी हे लिहायला बसले होते. पत्ता असता तरी आता पाठवलं नसतं.

साडी हिरवी आहे, काठ बारीक. काल घरी आल्यावर आईने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, कुणी दिली. मी म्हणाले, "यार्डातल्या मालकांनी. मोठ्या मनाचा माणूस आहे." आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने साडीची घडी घातली आणि ती माझ्याकडे न देता टेबलावर ठेवली.