तान्ह्या पोळ्याचा मान

तीर्थस्वरूप गोवर्धनमामांना अमरावतीहून मंजुषाचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर करकरली. दिवसभर वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर बसायचं, यालाच माझं पद म्हणतात.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी डोळ्यांत थेंब घालतात की अजून लपवून ठेवतात? इकडे सगळं ठीक, एक माझं डोकं सोडून.

मागे जेवताना तुम्ही विचारलं होतं, ‘लेकरं खेळवाले शिकावं कायले लागते, मंजू?’ तेव्हा मी तो प्रश्न गोळाभाताच्या घासाबरोबर गिळला, आता ऐका. बालशिक्षणाची पदविका घेतली, मदतनीस झाले, शिक्षिका झाले, आणि आता कित्येक वर्षं बालमंदिराची प्रभारी संचालिका आहे. प्रभारी म्हणजे नळ गळला तर माझी चूक आणि सत्कार असला तर दुसऱ्याचा. आता संस्था अकोल्यात दुसरी शाखा काढते आहे आणि दोन्हींसाठी एकच कायम संचालिका नेमणार आहे. अध्यक्ष कुंदनराव (हो, शाळेत तुमच्या बाकावर बसणारेच) मला म्हणाले, ‘तान्हा पोळा नीट पार पाडा, मंग पाहू.’ इतक्या वर्षांच्या कामाची परीक्षा घेणार कोण, तर बैल!

गेल्या वर्षी लेकरांच्या या पोळ्याला एका आजोबांनी नातवासाठी एवढा मोठा लाकडी बैल आणला की तो टेम्पोतून उतरवावा लागला, आणि नातू त्याला घाबरून माझ्या पदराआड लपला. म्हणून यंदा मी ठरवलं, बैल मुलांनीच घडवायचे, शेतातल्या काळ्या मातीचे, आणि बक्षीस कोणालाच नाही. बैल झकास झाले. (काही बटाट्यासारखे दिसत होते, एकाला पाच पाय होते. का, ते विचारायचं नसतं, हेही पदविकेत शिकवतात.) आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, लहानग्यांना पुढे घेतलं, आणि तिथेच माझं चुकलं. मी लेकरांची रांग लावली होती. त्यांच्यामागे आजोबांची रांग असते हे विसरले.

नांदगाव पेठेकडचे नत्थुजी, आमच्या प्रणालीचे आजोबा, सरळ तोरणाखाली येऊन उभे राहिले. गावच्या पोळ्यात पहिली जोडी त्यांच्या घरची जाते म्हणे. मी म्हटलं, काका, हा बालमंदिराचा पोळा आहे. तर म्हणाले, ‘पोरगी लहान हाय मॅडम, मान लहान नाई.’ तेवढ्यात कुंदनराव पांढऱ्या कडक कपड्यांत पुढे आले. संस्था त्यांची, तेव्हा त्यांच्या नातवाचा, शिवमचा बैल आधी. मग दुसरे आजोबा उठले, दोन आज्या उठल्या. कोणाच्या पणजोबांनी कोणाच्या पणजोबांना कधी मागे सारलं होतं, सगळं निघालं. मी बाईमाणूस मध्ये हात जोडून उभी! ज्यांना चार वर्षांच्या पोरांनी पाळी धरावी असं वाटतं, त्यांना स्वतःला पाच मिनिटं रांगेत उभं राहवत नाही. मला इतका संताप आला की मी अध्यक्षांच्या तोंडावर म्हटलं, ‘कुंदनराव, रांगेत या.’

ते काही बोलणार, तोच मागून पाण्याचा आवाज आला. प्रणाली आणि शिवम सगळ्या गोठ्याला हौदावर घेऊन गेले होते. पोळ्याला बैलांना पाणी पाजतात, हे मीच शिकवलं होतं. बैल मनसोक्त प्यायले आणि विरघळले! मान कोणाचा ते ठरण्याआधीच एकही बैल उरला नाही. कोपरापर्यंत चिखल झालेला शिवम धावत येऊन आजोबांना बिलगला, तेव्हा त्या कडक कपड्यांचं काय झालं ते मी लिहीत नाही.

लेकरांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि माझी कायम नेमणूक मात्र त्या हौदात गेली. मामा, मला त्याचंही दुःख नाही. (आहे. रात्रभर रडले.) पण या मानापानाचा मला अगदी वीट आला आहे. कोण पुढे, कोण मागे, याने मोठ्या माणसांना एवढा फरक का पडावा? मी तर लेकरांच्या शेवटी उभी राहीन आणि आनंदाने राहीन. तुमच्या कुंदनरावांकडे माझ्यासाठी अवाक्षर काढू नका, तुम्हाला मामींची शपथ.

तुमची संतापलेली भाची,
मंजुषा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि दरम्यान नेमणूक हातात आली. कायम संचालिका, दोन्ही शाखा! शिवम आता घरी जेवायला बसताना सगळ्यांना रांगेत उभं करतो, आजोबांना सगळ्यात शेवटी. कुंदनरावांच्या सूनबाई म्हणाल्या, मामंजी पहिल्यांदाच कोणाचं ऐकून राहिले.

ता. क. दुसरं. अकोल्याच्या शाखेच्या उद्घाटनाची पत्रिका आत्ता पाहिली. वर प्रमुख पाहुणे, मग अध्यक्ष, मग नाचाच्या बाई (परवाच लागल्या!), मग मांडववाले, आणि त्याखाली मी. वरची शपथ मी मागे घेते, मामींना काही होणार नाही. आजच्या आज कुंदनरावांना फोन करा. फीत ज्याला कापायची त्याने कापावी, पण दारातून आत पहिली मीच जाणार, असं ठणकावून सांगा. हसू नका, मामा. एवढी वर्षं लोकांच्या लेकरांची नाकं पुसली, हा मान माझा हाय.