धाकटीच

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची! वरची खोली मला मिळाली आहे. खिडकी मोठी, पलंग जरा करकरतो, पण उजेडाला तोटा नाही. काकूंनी दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, कामाला आलीस की हवापालटाला? एवढीशी तर आहेस. मग स्वतःच हसल्या आणि आधी जेवायला बसवलं.

काकूंचे यजमान गणिताचे शिक्षक. त्यांना सगळे सरच म्हणत. गेल्या वर्षी ते गेले. त्यांचा संगणक आता त्यांच्या शाळेला द्यायचा आहे. गणिताचे धडे ठेवायचे, घरगुती फायली काढून टाकायच्या. काकूंचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो, त्याने फोनवरूनच मला या कामावर नेमलं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते काकू सांगणार.

४ फेब्रुवारी

गंमत अशी की या संगणकाला ना पडदा, ना कीबोर्ड. शेवटी शेवटी सरांना उठून बसवत नसे. म्हणून त्यांनी आलेख काढणाऱ्या आपल्या कॅल्क्युलेटरमध्ये स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला, लांब वायर जोडली आणि अंथरुणात पडल्या पडल्या सगळ्या फायली सांभाळल्या. मीही त्याच पलंगाच्या कडेला बसून काम करते. पडदा काडेपेटीएवढा. सरांनी फायलींना मराठी नावं दिली आहेत, पण इंग्रजी अक्षरांत, आणि त्यातली पहिली आठच अक्षरं दिसतात, पुढचं नाव तुटतं. यू म्हणजे उघड, पी म्हणजे पूस. एन म्हणजे नक्कल असणार. आवाजाची फाइल उघडली तर ती संगणकाच्या स्पीकरवर वाजते.

दुपारी काकूंनी एक फाइल लावायला सांगितली. त्यांच्या धाकटीचं गाणं. मुलाच्या पाठीवरची ही मुलगी नवव्या वर्षी तापाने गेली. मधेच शब्द विसरून ती खुदकन हसते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. काकू रोज दुपारी हे ऐकतात. म्हणाल्या, बाकी काय हवं ते पूस बाई, हिला तेवढा हात लावू नकोस.

मी चौथीपर्यंत घरीच शिकले. पाटी पुसायच्या आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, हा बाबांचा नियम. इथेही तसंच करणार, प्रत्येक फाइल उघडून बघूनच पुसणार.

६ फेब्रुवारी

काल 'फौजदार' नावाची फाइल पुसली. त्यांच्या कुत्र्याची औषधं होती तीत. काकूच म्हणाल्या होत्या, फौजदार गेला, आता औषधं कुणाला पाजतेस?

आज त्यांनी दारामागचा कुत्र्याचा पट्टा काढून मला दाखवला आणि विचारलं, हा कुणाचा गं? तुझा का? मी हसले. त्या हसल्या नाहीत. वय झालंय, दुसरं काय.

८ फेब्रुवारी

घात झाला माझ्या हातून.

'धाकटीची फी' आणि 'धाकटीचं गाणं' ही दोन्ही नावं पडद्यावर 'धाकटीच' इथेच तुटतात. म्हणून मी खात्रीसाठी वरची उघडली. फीची निघाली. परत यादीत आले आणि वरच्याच फाइलवर पी दाबलं. उघडलेली फाइल यादीत सगळ्यात खाली जाते, हे मला ठाऊक नव्हतं. नुसती उघडली नसती तर बरं झालं असतं.

गाणं गेलं. परत आणायची सोय या प्रोग्रॅममध्ये नाही. काकूंना उद्या सांगणार. सांगायलाच हवं.

९ फेब्रुवारी

सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कोण धाकटी?

मला वाटलं, धक्क्याने असं बोलताहेत. मुलाला फोन केला. तो म्हणाला, मी एकुलता एक. कुत्र्याचंही विचारलं. आईला घरात एक केस चालत नाही आणि कुत्रा कुठून पाळणार, असं म्हणून त्याने मलाच बरं आहे ना विचारलं.

जिन्याजवळ एक फोटो आहे. त्यात लहानपणीचा मुलगा उभा आहे. त्याचा डावा हात बाजूला लांब केलेला, मूठ मिटलेली, कुणाचा तरी हात धरावा तशी. शेजारी कोणी नाही.

१० फेब्रुवारी

काकू नीट जेवल्या, नीट झोपल्या. मनात आलं, दुःख गेलं तर बरंच झालं की. पण दुपार झाली तशा त्या येऊन सरांच्या पलंगावर बसल्या आणि स्पीकरकडे बघत राहिल्या. डोळ्यांना धार. विचारलं तर म्हणाल्या, कळत नाही गं, काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय.

त्या मुलीची आठवण आता जगात माझ्या एकटीकडे आहे. ती तर मला कधी भेटलीही नव्हती.

११ फेब्रुवारी

माझ्या पेन ड्राइव्हवर एक जुनं ध्वनिमुद्रण आहे. आठ वर्षांची मी पाढे म्हणतेय, मग गाणं, मागे बाबांचा आवाज आणि आईचं हसणं. फाइल गेल्याने माणूस जातं, तर फाइल आल्याने येईलही. ही लबाडी आहे, मला कळतंय. पण काकूंचं ते बघणं सहन होत नाही.

फायलीला धाकटीच्या गाण्याचंच नाव दिलं. संगणकावर एक प्रत गेली म्हणून माझं काय बिघडणार होतं? एन दाबलं.

१२ फेब्रुवारी

आली! काकूंना धाकटी आठवली. फाइल तीनदा ऐकली, रडल्या, हसल्या. म्हणाल्या, सातचा पाढा कधी धड म्हणाली नाही कार्टी, सात सक पन्नास!

सात सक पन्नास मी म्हणायचे.

फोटोत आता भावाचा हात धरून एक मुलगी उभी आहे. हनुवटी माझी.

१३ फेब्रुवारी

पेन ड्राइव्ह रिकामा आहे. काकूंना विचारलं, एन म्हणजे काय? त्या म्हणाल्या, ने. उचलून ने. नक्कल शब्दाचा सरांना भारी राग, परीक्षेत नकला पकडण्यात जन्म गेला. म्हणायचे, माझ्या यंत्रात नक्कल नाही, वस्तू एका वेळी एकाच घरी राहील.

आईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी सांगितलं. ती म्हणाली, नंबर चुकला असेल बाळ, आम्हाला मूलबाळ नाही. मी रडायला लागले तर ती फोन ठेवेना. जेवलीस का, विचारलं. तिचाही आवाज भरून आला होता. का ते तिला —

१४ फेब्रुवारी

एन दाबून परत नेता येईल. माझं मला मिळेल. मग काकूंची धाकटी —

आज त्यांनी माझी वेणी घातली. मी नको म्हटलं नाही.

बाबांचा चेहरा आठवून लिहायला बसले. चष्मा होता. बहुतेक. मागे आणखी कोणीतरी हसायचं —

१५ फेब्रुवारी

कॅल्क्युलेटर हातात. पेन ड्राइव्ह लावलाय. आत्ता नाही नेलं तर काय न्यायचं होतं तेही —

बोट एनवर आहे.

खालून हाक आली. धाकटे. मी ओ दिली. आपोआप.

पायऱ्या चढतेय ती. धाप लागलीय. किती वेळा सांगितलं तिला, गुडघे दुखतात तर वर येऊ नकोस, हाक मार, मीच खाली येते. थांब, आई. बोट काढलं बघ. थांब तिथेच, मी आले, मी —