हार तुझ्या नावाचे

प्रिय तृप्ती,
जयभीम.

सुनामीनंतर त्या बेटावर गेलेल्या देशोदेशीच्या पथकांत आपल्या पवनीची नर्स आहे, हे टीव्हीवर दिसलं आणि आपलं घर साऱ्या गावाचं झालं. विहारात तुझ्या नावाने ब्लँकेटं गोळा झाली. रविवारी शेजारच्या मंगलाकाकू बाबांना हार घालून म्हणाल्या, "पोरगी असावी तं अशी!" मी आत त्यांच्यासाठी चहा ठेवत होते. बाबांना लकवा झाल्यापासून चार वर्षं त्यांना उठवते, धुते, भरवते ती मीच. त्यासाठी नर्सिंगला लागलेला नंबर मी सोडला, हे कोणालाच आठवलं नाही.

काल तुझा फोन आला. "ताई, लाइन दोनच मिनिटं आहे, बाबाले दे ना."

बाबा समोरच बसले होते, चांगला हात पुढे करून. मी म्हटलं, "झोपले हायेत," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी भात भरवायला बसले, तर त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग अडखळत म्हणाले, "खोटं... काहून बोलली?"

"चार वर्षं मी करून राहिली बाबा, अन् हार तिच्या नावानं येतेत!" मी रडतच ओरडले.

त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला. अर्धा भात माझ्या ओढणीवर सांडला. उरलेला घास त्यांनी माझ्या तोंडाशी आणला.

पुन्हा फोन केलास तर त्यांना देईन. या घासाचं मात्र तुला सांगणार नाही, म्हणून हे पत्रही पाठवत नाही. तेवढं एक माझंच राहू दे.

तुझी ताई,
संघमित्रा